कराटे लावायचे की तालमीत जायचे? नवशिक्यांसाठी युद्धकला निवडण्याची रीत

गेल्या उन्हाळ्यात परभणीला बहिणीकडे गेलो असता घरात एकच विषय चालू होता: बारावीत जाणाऱ्या भाचीला कराटे लावायचे की नाही. कशासाठी लावायचे, असे मी विचारले तेव्हा तिघांकडून तीन उत्तरे मिळाली. लेकरू शिकवणीहून अंधार पडल्यावर एकटे परतते, त्याला स्वतःला सांभाळता आले पाहिजे, असे बहिणीचे म्हणणे होते. खेळाचे सवलतीचे गुण मिळाले तर बरे, असा भावजींचा हिशोब होता. भाचीने वहीतून मान वर न करता सांगितले, "मामा, दिवसभर बसून पाठ धरते माझी. मला नुसता घाम काढायचाय." या तीन उत्तरांसाठी तीन निरनिराळ्या दारांशी जावे लागते, आणि केवळ गल्लीच्या कोपऱ्यावर आहे म्हणून एखादा वर्ग लावला तर तिघांपैकी कोणाचेच समाधान न होण्याचा संभव अधिक.

मी स्वतः लहानपणी लातूर जिल्ह्यातील एका गावच्या तालमीत तीन वर्षे माती अंगाला लावली, महाविद्यालयात असताना कराटेचे चार पट्टे मिळवले आणि त्यानंतर बरीच वर्षे ज्युदो खेळलो. यांपैकी एकाही खेळात माझे नाव झाले नाही. पण निवड चुकली की वर्षे कशी निघून जातात, हे त्या फेऱ्यांत चांगले कळले. पुढील पायऱ्या त्यातूनच काढलेल्या आहेत.

पायरी पहिली: हेतू एका वाक्यात लिहावा

"फिटनेस, आत्मसंरक्षण, आत्मविश्वास आणि शिस्त" असे सगळे एका दमात सांगणाऱ्याला अजून हेतू सापडलेला नसतो. कागद घेऊन एकच वाक्य लिहावे, आणि दोन हेतू सुटत नसतील तर त्यांतला पहिला कोणता, हे तरी ठरवावे. लिहिताना वय, जुनी दुखणी, आठवड्यातले खरोखर मोकळे असलेले तास आणि घरी परतण्याची सोय यांचीही नोंद त्याच कागदावर करावी. खेड्यातून तालुक्याला येणाऱ्या मुलाची शेवटची एसटी साडेसातला सुटत असेल, तर सातला सुरू होणारा वर्ग कितीही नामांकित असला तरी त्याच्या कामाचा नाही.

आपल्याकडे आणखी एक हेतू हमखास निघतो, तो म्हणजे पोलीस भरती. शिपाई भरतीची शारीरिक चाचणी ५० गुणांची असते; त्यात मुलांना १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक, तर मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक अशा कसोट्या असतात. कराटेच्या पट्ट्याला त्या चाचणीत गुण नाही. ज्याचे लक्ष्य सहा महिन्यांवर आलेली भरती आहे, त्याने पहाटे मैदान गाठावे आणि युद्धकलेचा विचार भरती झाल्यावर करावा.

पायरी दुसरी: प्रमाणपत्र हवे असेल तर आधी चौकशी करावी

दहावी-बारावीचे सवलतीचे गुण किंवा शासकीय नोकरीतील खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण मनात असेल, तर निवड वर्गापासून करू नये, स्पर्धेपासून करावी. कोणता खेळ आणि कोणत्या संघटनेची कोणती स्पर्धा ग्राह्य धरली जाते, हे शासन ठरवते. नोकरीसाठी लागणाऱ्या क्रीडा प्रमाणपत्राची तर क्रीडा विभागाकडून पडताळणीही होते. म्हणून जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन चालू वर्षाची यादी पाहावी आणि शालेय स्पर्धांच्या १४, १७ व १९ वर्षांखालील गटांत तो खेळ आहे का, हे विचारून घ्यावे. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे.

ते मी केले नव्हते. कराटेच्या तिसऱ्या पट्ट्यानंतर आमच्या वर्गाने आम्हाला एका "आंतरराष्ट्रीय" स्पर्धेला नेले. प्रवासाचे, नोंदणीचे आणि पोशाखाचे पैसे वडिलांनी सोयाबीनच्या पट्टीतून दिले. पृथ्वीचा गोल कोरलेले पदक मिळाले, परदेशी खेळाडू मात्र एकही दिसला नाही. आणि पुढे ते प्रमाणपत्र अर्जाला जोडले तेव्हा ज्या संघटनेचा शिक्का त्यावर होता ती मान्यताप्राप्तच नसल्याचे कळले. ते पदक अजून घरी आहे, गंजलेले.

पायरी तिसरी: समोरचा विरोध करतो का, ते पाहावे

सर्वांत चांगली युद्धकला कोणती, या प्रश्नावर चहाच्या टपरीवर तासन् तास निघतात. त्याऐवजी असे विचारावे की या प्रकारात आठवड्यातून किती वेळा असा जोडीदार समोर येतो, जो आपला डाव हाणून पाडण्याचा मनापासून प्रयत्न करतो. हवेत मारलेल्या ठोशांनी दम वाढतो, अंग मोकळे होते आणि चित्तही एकाग्र होते. परंतु धडपडणाऱ्या, घसरणाऱ्या, वजन टाकणाऱ्या माणसाशी गाठ पडल्याशिवाय डाव हाताला लागत नाही. ही एक कसोटी लावली की बहुतेक प्रकार आपोआप आपापल्या जागी बसतात.

कुस्तीत ही कसोटी पहिल्याच आठवड्यात लागते, आणि मराठवाड्यात तिची वाट तयार आहे. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. बीड जिल्ह्यातील पाटोद्याच्या राहुल आवारेने पुण्यात त्यांच्याच हाताखाली आणि पुढे काका पवार यांच्याकडे मेहनत केली, २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक मिळवले आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक आणले. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कुस्त्यांचा फड लागतो, आणि गावोगावच्या जत्रांतून लहान पोरांच्या नारळावरच्या कुस्त्यांपासून दिवस सुरू होतो. नवशिक्याला हरण्याची लाज वाटू नये यासाठी याहून चांगली जागा नाही, कारण तिथे हरणाराही नारळ बघत पुन्हा रांगेत उभा राहतो.

तालीम पाहायला पहाटे जावे. आमच्या तालमीत साडेपाचला दार उघडत असे. मारुतीपुढे उदबत्ती लागली की दोघे थोरले पैलवान फावड्याने हौद्यातली माती उकरायला घेत आणि बाकीचे जोर-बैठकांना भिडत. त्या मातीत हळद, तेल, ताक आणि लिंबाचा रस मुरवलेला असे. पहिला फावडा पडला की त्याचा आंबूस, उबदार वास सगळ्या खोलीत भरत असे. वस्ताद भिंतीला टेकून उभे असत आणि नव्या मुलाच्या बापाला प्रत्येक वेळी एकच वाक्य सांगत: "लेकराला आधी पडायला शिकू द्या, पाडायचं मग बघू."

ज्याला स्पर्धा खेळायची आहे त्याने मातीबरोबर मॅटची सोय कुठे आहे, हेही शोधले पाहिजे. आंतरराष्ट्रीय कुस्ती मॅटवर, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत आणि गुणांवर होते. मातीतल्या सावकाश, ताकद आजमावणाऱ्या लढतीची सवय तिथे लगेच मोडावी लागते. खर्चाचे गणितही उलटे आहे: तालमीची वर्गणी किरकोळ असते, पण दूध, तूप, बदाम यांचा खुराक महिन्याचे अंदाजपत्रक हलवतो. अनेक जुन्या तालमींत मुलींना प्रवेश नसतो, म्हणून मुलींसाठी मॅटवरचे केंद्र किंवा क्रीडा संकुल पाहावे; महिलांची कुस्ती २००४ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे, तेव्हा पुढच्या वाटेची चिंता करण्याचे कारण नाही. कान सुजून कायमचे जाड होणे आणि गजकर्ण या दोन गोष्टींची मात्र आधीच कल्पना असावी. घासला गेलेला कान वेळीच डॉक्टरांना दाखवावा. अंगावर चट्टा दिसताच आखाड्यापासून काही दिवस दूर राहावे. हा शिष्टाचार जो पाळत नाही, तो सगळ्या तालमीला खाजवायला लावतो.

ज्यांना पकड आणि फेक आवडते पण तालमीचे पूर्णवेळ जीवन झेपणार नाही, त्यांच्यासाठी ज्युदो. जिगोरो कानो यांनी १८८२ साली जपानमध्ये त्याची मांडणी केली ती जुन्या जुजित्सूतले घातक भाग बाजूला काढून, म्हणजे जोडीदाराला इजा न करता पूर्ण ताकदीने सराव करता यावा अशाच हेतूने. पहिले काही आठवडे केवळ पडणे शिकवले जाते. हनुवटी छातीला, हात जमिनीवर सपाट, डोके वर: हे इतके अंगवळणी पडते की एकदा औसा रोडवर वाळूवरून माझी दुचाकी घसरली तेव्हा मी काही ठरवण्याआधीच अंगाने ते करून टाकले होते, आणि कोपर खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. माझ्या मते सामान्य नोकरदाराला किंवा विद्यार्थ्याला ज्युदोचा सर्वाधिक उपयोग होतो तो इथे. रस्त्यावर गुंडापेक्षा खड्डे फार भेटतात.

ज्युदोच्या जाड पांढऱ्या पोशाखाबद्दल एक घरगुती सूचना. तो घामाने जड होतो, दर सरावानंतर धुवावा लागतो आणि पाणी भरपूर पितो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात आम्ही पोशाख बाजूला ठेवून जुन्या टी-शर्टांवर नुसत्या कुस्तीसारख्या पकडी घेत होतो. टंचाईच्या गावात राहणाऱ्याने हाही खर्च धरावा.

हातांचा उपयोग लवकर शिकायचा असेल तर बॉक्सिंग. त्यात डाव मोजके असतात. सरळ ठोसे, वळवून मारायचे ठोसे, पायांची हालचाल आणि डोके वाचवणे. त्यामुळे सहा महिन्यांत नवशिक्याच्या उभे राहण्यातच फरक दिसतो. तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची लढत बाहेरून छोटी वाटते. आत उभे राहिल्यावर दुसऱ्या फेरीतच हात खांद्यापासून गळून पडल्यासारखे होतात. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. स्पर्धेचा विचार करणाऱ्याने तिथल्या निवड चाचण्यांची माहिती घ्यावी. मात्र बॉक्सिंगमध्ये डोक्याला मार बसतो, आणि डोक्याला संरक्षक टोपी (हेडगार्ड) घातल्याने तो थांबत नाही. लातूर-नांदेडच्या शिकवण्यांत नीट-जेईईची तयारी करणाऱ्या मुलांनी बॅगवर आणि पॅडवर खुशाल घाम गाळावा, पण समोरासमोरची लढत तूर्त टाळावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणत्याही खेळात डोक्याला लागल्यानंतर डोकेदुखी, मळमळ किंवा गोंधळल्यासारखे वाटले तर त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवून डॉक्टरांकडे जावे.

कराटे आणि तायक्वांदो यांचे वर्ग जवळपास प्रत्येक तालुक्यात आहेत, म्हणूनच त्यांत डावे-उजवे करणे अवघड जाते. ओकिनावाचे कराटे गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ साली टोकियोत दाखवले आणि तिथून त्याच्या अनेक शाखा झाल्या; कुठे ठोसा अंगाला लागण्याआधी थांबवतात, तर क्योकुशिनसारख्या शाखेत अंगावर पूर्ण जोराने मारतात. त्यामुळे "कराटे शिकतो" एवढ्यावरून काहीच कळत नाही. कातामधला, म्हणजे ठरलेल्या हालचाली एकट्याने क्रमाने करण्याचा, तालबद्ध सराव मला स्वतःला आवडतो, आणि ज्याला एकाग्रता व डौल हवा आहे त्याने तो अवश्य करावा. ज्याला स्पर्धेची शिडी हवी आहे त्याने हे ध्यानात ठेवावे की तायक्वांदो २००० पासून ऑलिम्पिकचा पदकाचा खेळ आहे, तर कराटे केवळ टोकियोच्या, म्हणजे प्रत्यक्षात २०२१ साली झालेल्या, ऑलिम्पिकमध्ये होते आणि २०२४ ला पॅरिसमध्ये नव्हते. तायक्वांदोत लाथांवर भर असल्याने कंबर आणि मांड्या लवचिक असलेल्या लहान वयाच्या मुलांना तो लवकर जमतो.

नांदेडकरांच्या दाराशी गतका ही शिखांची युद्धकला आहे. हजूर साहिब गुरुद्वाराच्या होला मोहल्ला उत्सवात निहंगांचे, म्हणजे शीख योद्ध्यांचे, शस्त्रांचे खेळ पाहिलेल्या माणसाला त्यातला आवेश वेगळा सांगावा लागत नाही. सरावात काठी आणि छोटी ढाल असते, आणि अलीकडे खेलो इंडिया युवा स्पर्धांत तो समाविष्ट झाल्याने त्याला मैदानी खेळाचे रूपही आले आहे. आपल्याकडची लाठी-काठी त्याच घरातली म्हणावी. परंपरेची ओढ असेल, खांदे-मनगटे मोकळी करायची असतील, किंवा चाळिशी ओलांडल्यावर गुडघ्यांना धक्के न देता काही शिकायचे असेल, तर माझा कौल काठीला.

मुए थाई (ठोसे-लाथांची थाई युद्धकला), ब्राझिलियन जुजित्सू (जमिनीवरच्या पकडींची झुंज), मिश्र युद्धकला हे सगळे उत्तम प्रकार आहेत, परंतु आपल्या भागात जाणता शिक्षक मिळेलच असे नाही. मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून मानेची पकड एकमेकांवर आजमावू नये. कुस्ती किंवा बॉक्सिंगचा दोन वर्षांचा पाया झाला की पुण्या-मुंबईत गेल्यावर हे प्रकार लवकर उमगतात.

आत्मसंरक्षणाविषयी

हा हेतू वेगळा काढला, कारण त्याच्या नावावर सर्वाधिक फसवणूक होते. दोन दिवसांच्या शिबिरात मनगट सोडवण्याच्या दहा युक्त्या शिकवतात. महिन्याभरात त्यांतली एकही अचूक आठवत नाही. शिबिराला जाऊ नये असे नाही, पण ती तोंडओळख आहे, तयारी नव्हे. खरी तयारी म्हणजे आवाज मोठा काढता येणे, अंतर राखणे, पळण्याची वाट हेरणे, ११२ क्रमांक लावणे, आणि शेवटी धरलेच तर न गोठणे. हे न गोठणे कुस्ती, ज्युदो किंवा बॉक्सिंगच्या रोजच्या झटापटीतून येते, कारण अंगावर माणूस आल्याची शरीराला सवय झालेली असते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क दिला आहे, पण तो बचावाला लागेल तेवढ्यापुरताच आहे. पळणाऱ्याचा पाठलाग करून त्याला झोडपणे त्यात बसत नाही. एखादा शिक्षक "एका फटक्यात डोळा फोडा" अशी भाषा करत असेल तर त्याला कायदाही माहीत नाही आणि मारामारीही.

पायरी चौथी: न कळवता जाऊन एक पूर्ण सराव पाहावा

जाहिरातीचा फलक, भिंतीवरची छायाचित्रे आणि करंडकांचे कपाट यांकडे पाठ करून बसावे आणि जमिनीकडे पाहावे. फरशीवर पातळ सतरंजी टाकून फेकी शिकवत असतील तर उठून यावे. मॅटच्या कडेला खांब किंवा उघडा कोबा आहे का, नव्या मुलाला वजनाने आणि वयाने जवळचा जोडीदार दिला जातो का, कोणी "पुरे" म्हणून थाप दिली की समोरचा तत्काळ सोडतो का, या गोष्टी तासाभरात दिसतात. पालकांना आत बसू न देणारा वर्ग मुलांसाठी, आणि विशेषतः मुलींसाठी, निवडू नये. याला कोणतेही कारण मान्य करू नये.

शिक्षकांना विचारण्यासारखे प्रश्न दोनच आहेत. दोन वर्षांपूर्वी आलेली मुले आज कुठे आहेत? आणि वर्षाला एकूण किती पैसे लागतील, म्हणजे शुल्क, पोशाख, पट्ट्यांच्या परीक्षा व स्पर्धा सगळे धरून? पहिल्या प्रश्नावर चांगला शिक्षक मुलांची नावे घेऊन सांगू लागतो, अगदी सोडून गेलेल्यांचीसुद्धा. दुसऱ्यावर जो गोलमाल बोलतो, त्याच्याकडे दर तीन महिन्यांनी परीक्षा असते, आणि तीत नापास कोणीच होत नाही.

पायरी पाचवी: महिन्याचे पैसे भरावेत, वर्षाचे नव्हे

पहिले पंधरा दिवस सगळेच अंग दुखते आणि तेव्हा कोणताही प्रकार चुकीचाच वाटतो, म्हणून निर्णय सहाव्या आठवड्यात घ्यावा. आठवड्यातून तीन दिवस पुरेसे आहेत. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा पत्र्याच्या शेडखालचा संध्याकाळचा सराव टाळून पहाटेची वेळ घ्यावी आणि पाण्यात मीठ-साखर घालून बाटली जवळ ठेवावी. रक्तदाब, मधुमेह, पाठीचे किंवा गुडघ्याचे दुखणे असेल तर नोंदणीच्या आधी डॉक्टरांना विचारावे आणि तेच शिक्षकांनाही सांगावे. सहा आठवड्यांनंतर हेतूचा कागद काढून वाचावा. हेतू बदललेला असतो, असे फार वेळा घडते. भाचीने अखेर घरापासून चालत दहा मिनिटांवर असलेला ज्युदोचा वर्ग धरला. पाठ मोकळी करण्यासाठी गेलेली मुलगी आता वजनगटाची चौकशी करते आहे, आणि भावजी सवलतीच्या गुणांची यादी पुन्हा धुंडाळत आहेत.

पहिल्या दिवशी नखे कापून जावे. अंगठी, कडे, कानातले आणि गळ्यातला ताईत घरी ठेवावा. ताईत काढायचा नसेल तर निदान दोरा तुटणारा असावा. टॉवेल, पाणी आणि स्वच्छ कपड्यांचा एक जोड घ्यावा, नवे हातमोजे किंवा पोशाख मात्र लगेच विकत घेऊ नये. तालीम धरली असेल आणि वस्तादांनी पहिला आठवडाभर हातात केवळ फावडे दिले, तर निमूटपणे माती उकरावी. आठव्या दिवशी जोडीदाराची पकड सोडवताना जे खांदे उपयोगी पडतात, ते त्या फावड्यानेच तयार केलेले असतात.